‘शाळा’ची ‘शाहा’ का झाली?

एका लिपिक ताईंचं पत्र आलं आहे. त्या एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात आहेत. पत्र मोठं आहे, म्हणून कामापुरता भाग इथे देते.

‘आमच्याकडे ८६० मुलांची नावं एक्सेलमध्ये इंग्रजीत आहेत. कुणी सगळं कॅपिटलमध्ये टाकलंय, कुणी सगळं स्मॉलमध्ये, काही नावांत मधलंच अक्षर मोठं. मुख्याध्यापकांना एक यादी पूर्ण कॅपिटलमध्ये हवी आहे आणि प्रशस्तिपत्रकांसाठी नुसतं पहिलं अक्षर कॅपिटल. मी पुन्हा टाइप करायला बसले. तीन दिवसांत १४० नावं झाली. मग मैत्रिणीने सांगितलं की वर्डमध्ये शिफ्ट धरून एफ३ दाबलं की अक्षरं बदलतात. शाळेच्या वार्षिक अहवालात बक्षीसपात्र मुलांचा इंग्रजी तक्ता होता, बाकी सगळा अहवाल मराठीत. मी कंट्रोल ए करून सगळं निवडलं, शिफ्ट एफ३ दाबलं आणि मराठीची वाट लागली. घाबरून आणखी दोनतीनदा दाबलं, तसंच सेव्ह झालं आणि फाइल बंद केली. आता शाळाच्या जागी शाहा दिसतंय, पाटीलच्या जागी पाअील, पुस्तकचं पुसतक झालंय. हेडक्लार्क सगळ्यांसमोर म्हणाले, जमत नसेल तर संगणकाला हात लावू नका. फाइलमध्ये व्हायरस शिरला का? अहवाल परत मिळेल का? आणि ती ८६० नावं मी हातानेच करू का?’

ताई, व्हायरस नाही, आणि तुम्ही काही मोडलेलं नाही. अहवाल बराचसा परत मिळेल. नावांचं काम तर अर्ध्या तासाचं आहे. हेडक्लार्कांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. वर्षानुवर्षं डीटीपी केलेल्या माणसांच्या हातूनही नेमकी हीच गोष्ट होते, मी ती स्वतः केली आहे. ते पुढे सांगते. आधी अहवालाचं बघू, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे.

बिघडलेल्या फाइलवर काम सुरू करू नका. तिची एक प्रत काढा, तिला वेगळं नाव द्या आणि मूळ फाइल आहे तशी बाजूला राहू द्या. मग जुनी प्रत शोधा. अहवाल कधीतरी मुख्याध्यापकांना ईमेलने पाठवला असेल, तर मेलच्या ‘सेंट’मध्ये तो अजून धडधाकट पडला असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला दिला होता का? पेनड्राइव्हवर टाकून छपाईला नेला होता का? गेल्या वर्षीच्या अहवालावर नवीन मजकूर चढवला असेल, तर गेल्या वर्षीची फाइलही उपयोगी पडेल, कारण शाळेचा इतिहास, समित्यांची नावं, आभार हा भाग बहुधा तोच असतो. संगणकावर फाइल वनड्राइव्हमध्ये ठेवत असाल, तर तिथे फाइलवर उजवं क्लिक करून ‘व्हर्जन हिस्टरी’ बघा, परवाची प्रत तिथून परत घेता येते. हे शोधायला एक तास गेला तरी चालेल. दुरुस्तीला दोन दिवस जातील.

जुनी प्रत सापडलीच नाही, तरी मार्ग आहे. पण त्याआधी नेमकं काय घडलं ते समजून घ्या, म्हणजे दुरुस्ती कुठे करायची ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

तुमच्या पत्रातल्या शब्दांवरून माझी खात्री आहे की अहवाल कृतीदेव फॉन्टमध्ये आहे. कृतीदेव, देवलिस आणि त्या पिढीचे अनेक फॉन्ट यांची एक गोष्ट बहुतेकांना कधी कुणी सांगितलेलीच नसते: त्या फाइलमध्ये मराठी नसतं. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. कृतीदेवमध्ये तुम्ही ‘क’ टाइप करता तेव्हा फाइलमध्ये स्मॉल डी जातो. अर्धा ‘क्’ हवा असेल तर शिफ्ट धरता, तेव्हा कॅपिटल डी जातो. स्मॉल के म्हणजे काना, कॅपिटल के म्हणजे ‘ज्ञ’. स्मॉल ई म्हणजे ‘म’, कॅपिटल ई म्हणजे अर्धा ‘म्’. तेव्हा ‘काम’ हा शब्द फाइलमध्ये स्मॉल डी, के, ई असा आहे. त्याला कॅपिटल करा, पडद्यावर दिसेल ‘क्ज्ञम्’. वर्डने चूक केलेली नसते. त्याला तीन इंग्रजी अक्षरं दिसली, त्याने ती मोठी केली.

संगणकाला अक्षर आकाराने कळत नाही, आकड्याने कळतं. इंग्रजीचा कॅपिटल ए म्हणजे ६५, स्मॉल ए म्हणजे ९७. बी ६६ आणि ९८. प्रत्येक जोडीत ३२ चा फरक आहे, एपासून झेडपर्यंत. मोठ्याचं लहान करायचं म्हणजे ३२ मिळवायचे, लहानाचं मोठं करायचं म्हणजे ३२ वजा करायचे, एवढंच ते काम. फॉन्ट कुठला लावला आहे याच्याशी त्या गणिताला काही देणंघेणं नसतं.

आता तुमच्या ‘शाहा’कडे या. कृतीदेवमध्ये ‘ळ’ हा कॅपिटल जी आहे आणि ‘ह’ हा स्मॉल जी. तुम्ही घाबरून बटण दाबत राहिलात, दर वेळी अक्षरं कॅपिटल-स्मॉल अशी फिरत गेली आणि शेवटी सगळी स्मॉल होऊन थांबली. म्हणून ‘ळ’चा ‘ह’ झाला. ‘ट’ कॅपिटल व्ही आहे, स्मॉल व्ही ‘अ’ आहे, म्हणून पाटीलचं पाअील. अर्धा ‘स्’ कॅपिटल एल आहे, पूर्ण ‘स’ स्मॉल एल, म्हणून पुस्तकचं पुसतक.

आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे. कृतीदेवमध्ये रोजच्या वापरातली बहुतेक पूर्ण अक्षरं आणि मात्रा स्मॉलवर बसवलेल्या आहेत. क, न, म, र, स, त, प, व, ल, ग, ह, काना, वेलांट्या, उकार, सगळं खालच्या अक्षरांवर. म्हणजे स्मॉलमध्ये थांबलेला मजकूर वाचता येतो आणि दुरुस्तही होतो. कॅपिटलमध्ये थांबला असता तर काही कळलं नसतं. असं कुणाचं कॅपिटलमध्ये झालं असेल तर त्यांनी आधी सगळं स्मॉल करून घ्यावं आणि मगच दुरुस्तीला बसावं.

दुरुस्ती अशी. बिघडलेली अक्षरं ठरलेली आहेत. ‘ळ’च्या जागी ‘ह’ आला आहे, ‘ट’च्या जागी ‘अ’, ‘ठ’च्या जागी ‘इ’, ‘ड’च्या जागी ‘उ’, ‘छ’च्या जागी ‘द’, आणि ‘फ’च्या जागी नुसता उकार लोंबकळतो आहे. स्, क्, न्, म्, त् ही अर्धी अक्षरं पूर्ण झाली आहेत. ‘थ’ आणि ‘भ’ हे दोन तुकडे जोडून बनतात, त्यातला पहिला तुकडा बदलला आहे, म्हणून तिथे वेलांटीला काना चिकटल्यासारखं काहीतरी विचित्र दिसेल. ते बरंच आहे, कारण असं विचित्र दिसलेलं डोळ्यांतून सुटत नाही. खरा धोका ‘ह’ आणि ‘द’चा आहे. ‘शाहा’ चटकन दिसेल, पण एखाद्या आडनावात ‘ळ’चा ‘ह’ झाला आणि तेही नाव खरं वाटलं, तर ते तसंच छापलं जाईल. आडनावं शाळेच्या रजिस्टरशी एकेक करून ताडून पाहा.

शब्द पुन:पुन्हा येत असेल तर कंट्रोल एच घ्या. बिघडलेला शब्द मजकुरातून कॉपी करून ‘फाइंड’च्या चौकटीत टाका. तिथे तो इंग्रजी अक्षरांत दिसेल, दचकू नका, फाइलमध्ये खरं तेच आहे. ‘रिप्लेस’च्या चौकटीसाठी तो शब्द आधी मजकुरात एकदा हाताने बरोबर टाइप करा आणि तिथून कॉपी करा. मग ‘मोअर’ दाबून ‘मॅच केस’ या चौकोनात टिक करा. ही टिक विसरू नका. ती नसेल तर लहान-मोठ्या अक्षरांतला फरक वर्ड मानत नाही, आणि तुमचा सगळा घोळ त्या फरकाचाच आहे. ‘रिप्लेस ऑल’ फक्त शाळा, पाटील, पुस्तक अशा पूर्ण शब्दांवर चालवा. एकट्या ‘ह’वर चालवलंत तर ‘आहे’चं ‘आळे’ होईल.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी वर्डच्या ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’मध्ये जाऊन वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करणारी टिक काढून टाका. कृतीदेवमध्ये टाइप करणाऱ्यांना ही खोड वर्षानुवर्षं छळते. परिच्छेद ‘काम’ने सुरू केला की वर्ड पहिला डी परस्पर मोठा करतो आणि ‘क’ अर्धा होतो. एकटा स्मॉल आय दिसला की त्याचा कॅपिटल आय करण्याचीही त्याला सवय आहे. कृतीदेवमध्ये स्मॉल आय म्हणजे ‘प’, कॅपिटल आय म्हणजे अर्धा ‘प्’. पुष्कळ टायपिस्टांना वाटतं आपली बोटं चुकतात. त्यांची बोटं बरोबर असतात.

मी स्वतः केलेली चूक सांगते म्हटलं होतं. एका छापखान्यात मी डीटीपी करायचे तेव्हाची गोष्ट. एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका होती, मराठी मजकुरात अधूनमधून देणगीदारांची इंग्रजी नावं. ती कॅपिटल करायची म्हणून मी पान निवडलं आणि नावांसोबत दोन परिच्छेद मराठीही निवडले गेले. त्या पानावर मी पुढे काम करत राहिले, लक्षात आलं तेव्हा फाइल बंद करून उघडली होती, म्हणजे केलेलं मागे घेणारं कंट्रोल झेड संपलेलं होतं. रात्री अकरापर्यंत मी आणि मुद्रितशोधक काका हस्तलिखितावरून ते दोन परिच्छेद जुळवत बसलो. काकांनी त्या रात्री मला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. अक्षरं लहान-मोठी करणं हा एकेरी रस्ता आहे. मोठ्याचं लहान केलं की आधी कुठलं मोठं होतं ही माहितीच पुसली जाते. ती फाइलमध्ये कुठेही उरत नाही, म्हणून कुठलंही बटण ती परत आणू शकत नाही. वर्डमध्ये ‘टॉगल केस’ नावाचा एक प्रकार आहे, तो मोठ्याचं लहान आणि लहानाचं मोठं करतो, तेवढा एकच दुसऱ्यांदा दाबला की जागेवर येतो. बाकी सगळ्यांसाठी आधी प्रत काढायची, मग हात लावायचा.

काकांनी उमेदीची वर्षं छपाईचे खिळे जुळवण्यात घालवली होती. ते म्हणायचे, इंग्रजी जुळाऱ्याच्या पुढ्यात दोन लाकडी पेट्या असत, मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत, लहान अक्षरांचे खालच्या पेटीत. अप्पर केस आणि लोअर केस ही नावं तिथूनच आली. मराठी जुळाऱ्याला मोठं-लहान नव्हतंच. त्याच्याकडे काना-मात्रा, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं यांचे इतके खण असत की हात कुठे जातो हे पाठ व्हायला महिने लागत.

देवनागरीला अजूनही मोठं-लहान नाही, आणि यातच तुमच्या अहवालाचा कायमचा उपाय आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना आपापला आकडा देणारी पद्धत. त्यात टाइप केलेल्या ‘क’ला स्वतःचा आकडा आहे, २३२५. त्याला मोठा जोडीदार नाही. युनिकोडमधला मराठी मजकूर निवडून शिफ्ट एफ३ दहा वेळा दाबा, इंग्रजी बदलेल, मराठी हलणार नाही. अहवाल दुरुस्त झाला की तो एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी कृतीदेवचं युनिकोड करणारे परिवर्तक मिळतात. पण बदललेला मजकूर पूर्ण वाचून काढा, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात. पुढचा अहवाल थेट युनिकोडमध्येच टाइप करा. तुमचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेला असेल तर तो कळफलक युनिकोडसाठीही मिळतो, बोटांना फारसं नवीन काही शिकवावं लागणार नाही.

आता ८६० नावं. ही हाताने करू नका. आणि केलेल्या १४० नावांचं वाईट वाटून घेऊ नका, ती पुढे तपासायला उपयोगी पडतील.

एक्सेलमध्ये वर्डसारखं अक्षरं बदलायचं बटण नाही, तिथे सूत्र लिहावं लागतं. नावं ए या रकान्यात आहेत आणि पहिल्या ओळीत मथळा आहे असं धरू. त्याच्या शेजारी दोन कोरे रकाने घाला. बी२ मध्ये बरोबरचं चिन्ह टाका, मग प्रॉपर, मग कंसात ए२, आणि एंटर. प्रॉपर म्हणजे पी, आर, ओ, पी, ई, आर, अर्थात हे सगळं इंग्रजीतच टाइप करायचं. स्मॉलमध्ये टाइप केलंत तरी चालतं. उलट तेच करा, कारण स्पेलिंग बरोबर असेल तर एंटर मारल्यावर एक्सेल ते नाव स्वतःच कॅपिटल करतं. नंतर त्या चौकटीवर जाऊन वर पाहिलं आणि सूत्राचं नाव स्मॉलच राहिलेलं दिसलं, तर कुठेतरी अक्षर चुकलं आहे. सी२ मध्ये तसंच, फक्त प्रॉपरच्या जागी अप्पर. सगळं स्मॉल हवं असेल तेव्हा लोअर. मग बी२ आणि सी२ दोन्ही निवडून खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या बारीक चौकोनावर दोनदा क्लिक करा, ८६० ओळी भरतील.

सूत्र ए२ मध्येच लिहू नका. चौकट स्वतःलाच विचारत बसते आणि एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची तक्रार करतं, शिवाय मूळ नाव पुसलं जातं. आणि एंटर मारल्यावर नावाऐवजी सूत्रच जसंच्या तसं दिसलं, तर त्या रकान्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ आहे. तो ‘जनरल’ करा आणि सूत्र पुन्हा लिहा.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रॉपरच्या कंसात सरळ ए२ न लिहिता ट्रिम लिहा आणि ट्रिमच्या कंसात ए२. ट्रिम पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा काढतं आणि दोन शब्दांत तीन स्पेस असतील तर एकच ठेवतं. आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या यादीत या स्पेस हमखास असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रशस्तिपत्रकावर छापल्यावर दिसतात.

रकाने भरले की ते दोन्ही निवडा, कॉपी करा आणि तिथेच ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’ घ्या. आता तिथे सूत्र राहिलं नाही, खरी नावं आली. हे न करता मूळ रकाना डिलीट केला तर सगळीकडे चूक दाखवणारा संदेश येतो. आणि व्हॅल्यूज घेतल्यावरही मूळ रकाना पुसू नका. उजवं क्लिक करून ‘हाइड’ करा. मुख्याध्यापकांनी उद्या विचारलं की हे नाव आधी कसं लिहिलं होतं, तर उत्तर तुमच्याकडे असायला हवं.

शाळेत एक्सेलऐवजी लिबरऑफिस असेल तर त्याच्या कॅल्कमध्ये नावं निवडून ‘फॉरमॅट’मधल्या ‘टेक्स्ट’खाली थेट बदलता येतं, सूत्र लागत नाही. ते जागच्या जागी बदलतं, म्हणून रकान्याची प्रत आधी काढा. गूगल शीट्समध्ये सूत्रं हीच, नावंही हीच.

आता प्रॉपरचे खोडकर स्वभाव सांगते, कारण प्रशस्तिपत्रक मुलाच्या घरी भिंतीवर लागतं. प्रॉपरला भाषा कळत नाही. त्याचा नियम एकच आहे: ज्या अक्षराच्या आधी अक्षर नाही ते मोठं, बाकी सगळी लहान. आपल्या नावांना हा नियम बहुतेक वेळा छान बसतो. पाटील, देशमुख, जोडआडनाव मधे रेघ देऊन लिहिलेलं असेल तर दोन्ही भागांची पहिली अक्षरं मोठी होतात. वसईकडच्या किंवा गोव्याच्या डिसोझांचं आडनाव डीनंतर वरचा स्वल्पविराम देऊन लिहिलं असेल तर स्वल्पविरामानंतरचा एस आपोआप मोठा होतो, जसा हवा तसाच. पण तेच आडनाव सलग लिहिलं असेल तर एस लहान होतो. कुणी आपल्या नावात मुद्दाम मधलं अक्षर मोठं लिहीत असेल, तर तेही पुसलं जातं.

तोच नियम दुसरीकडे अंगावर येतो. सेंट जॉन्समध्ये स्वल्पविरामानंतरचा शेवटचा एससुद्धा मोठा होतो. आकड्यानंतर अक्षर आलं की ते मोठं होतं, म्हणजे ‘फिफ्थ’साठी ५ पुढे लिहिलेला टी मोठा. रोमन दोनमधला दुसरा आय लहान. एमआयडीसी, आयटीआय, एसटी स्टँड, ओबीसी, झेडपी या सगळ्यांचं फक्त पहिलं अक्षर मोठं उरतं. मधे टिंबं दिलेली असतील तर वाचतात, कारण टिंब म्हणजे अक्षर नव्हे. म्हणून प्रॉपर फक्त नावाच्या रकान्यावर चालवा. प्रवर्गाच्या रकान्याला हात लावू नका. पत्त्यावर चालवायचंच असेल तर नंतर कंट्रोल एच घेऊन एमआयडीसीसारखे शब्द एकेक करून परत मोठे करा. इथेही मॅच केसची टिक हवीच.

बँकेचा आयएफएससी कोड आणि पॅन अप्परने करा, ते कॅपिटलमध्येच लिहायचे असतात. आयएफएससीत पाचवी जागा शून्याची असते, तिथे कुणी ओ टाइप केला असेल तर अप्पर ते सुधारणार नाही, उलट मोठा ओ झाल्यावर तो शून्यासारखाच दिसेल. ते डोळ्यांनी तपासा. पालकांचे ईमेल लोअरने करून घेतले तर यादी एकसारखी दिसते. पासवर्डांच्या यादीवर यातलं काहीही चालवू नका, तिथे लहान-मोठं बदललं की कुलूपच बदललं.

वर्डबद्दल दोन गोष्टी राहिल्या. शिफ्ट एफ३ चांगलंच बटण आहे, ते सोडून देऊ नका. फक्त कंट्रोल ए नंतर ते दाबू नका. जेवढं बदलायचं तेवढंच माउसने निवडा. तक्त्याचा एकच रकाना निवडायचा असेल तर रकान्याच्या वरच्या कडेशी माउस नेला की खाली बघणारा काळा बाण येतो, तिथे क्लिक करा. ‘होम’मध्ये मोठा ए आणि लहान ए शेजारी काढलेलं एक बटण आहे. तुमच्यासारख्या मिश्र फाइलसाठी मी तेच वापरा म्हणेन, कारण तिथे काय होणार ते नावाने लिहिलेलं असतं, एफ३ सारखं फेऱ्या मारत बसावं लागत नाही. प्रशस्तिपत्रकाचं इंग्रजी शीर्षक मात्र त्या बटणाने केलंत तर ‘सर्टिफिकेट ऑफ मेरिट’मधल्या ‘ऑफ’चाही ओ मोठा होईल, तो हाताने लहान करा.

दुसरी गोष्ट फसवी आहे. वर्डच्या ‘फॉन्ट’ चौकटीत ‘ऑल कॅप्स’ नावाचा चौकोन आहे. त्यावर टिक केली की अक्षरं कॅपिटल दिसतात, पण आत ती होती तशीच राहतात. छापण्यापुरतं ते उत्तम, टिक काढली की पूर्ववत. पण ती नावं तिथून कॉपी करून ऑनलाइन अर्जात चिकटवलीत तर पुन्हा जुनी लहान-मोठी खिचडी उमटते आणि माणसाला काही कळत नाही. यादी कुठे भरायची असेल तर खरोखर बदललेली हवी, म्हणजे तुमचा सी रकाना.

पुढच्या वर्षी वेगवेगळे शिक्षक पुन्हा आपापल्या पद्धतीने नावं भरतील. ते थांबवता येतं. नावाचा रकाना ए२ पासून खाली निवडून ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये ‘कस्टम’ घ्या आणि सूत्र लिहा: बरोबरचं चिन्ह, एक्झॅक्ट, कंसात ए२, स्वल्पविराम, आणि अप्परच्या कंसात ए२. मग कॅपिटल सोडून काही टाइप केलं की एक्सेल ते घेणारच नाही. एक्झॅक्टच का, तर नुसत्या बरोबरच्या चिन्हाने तुलना केली तर एक्सेल लहान-मोठं एकच मानतं. यात एक पळवाट आहे, कुणी नाव टाइप न करता दुसरीकडून आणून चिकटवलं तर ही पहारेदारी त्याला अडवत नाही. मूळ रजिस्टर सगळं कॅपिटलमध्ये ठेवा आणि प्रशस्तिपत्रकाचा रकाना त्यावरून प्रॉपरने काढा. मेल मर्ज करताना, म्हणजे यादीतली नावं प्रशस्तिपत्रकांवर आपोआप भरताना, तोच रकाना निवडायचा.

उद्या ऑफिसला गेलात की आधी मेलचा ‘सेंट’ बघा. मग नावांची यादी करा, ती दुपारच्या सुट्टीच्या आत होईल, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवा. तुम्ही हाताने केलेली १४० नावं बी रकान्याशेजारी लावून ताडून बघा. फरक दिसेल तिथे बहुधा अशी नावं असतील ज्यांत तुम्ही माणूस म्हणून काहीतरी ओळखलंत आणि प्रॉपरला ते ओळखता आलं नाही. त्या नावांखाली पेन्सिलने रेघ मारा. छपाईच्या आधी प्रत्येक वर्गात त्या वर्गाची यादी पाठवा आणि मुलांना आपापल्या नावापुढे सही करायला सांगा. डिसोझांच्या मुलीला तिच्या घरी नाव कसं लिहितात ते माहीत असतं.